ओल आहे तोवर तेल : खान्देशातल्या हिवाळ्यात उललेल्या अंगाची काळजी

नखानं नडगीवर एक रेघ ओढून बघा. पांढरी रेघ उमटली आणि तशीच राहिली, तर वरच्या कातडीतली ओल गेली असं समजायचं. शाळेत असताना आम्ही पौषातल्या उन्हात बसून अशाच रेघांनी पायांवर आपापली नावं लिहायचो. तेव्हा तो खेळ वाटायचा. आता घाण्यावर येणाऱ्या बायकांचे हात बघते तेव्हा तीच रेघ आठवते.

आमचा लाकडी घाणा आहे, अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. तीळ, शेंगदाणा, करडई, खोबरं, चारही तेलं आम्ही काढतो. दिवाळी सरली की खायच्या तेलाबरोबर एक प्रश्न हमखास येतो, "काकू, अंगाला लावायला कोणतं देता?" मी आधी उलट विचारते, "लावतेस कधी?" बहुतेकींचं उत्तर एकच असतं. आंघोळ झाली, स्वयंपाक झाला, डबे भरले, मग दुपारी अंग खाजायला लागलं की बाटली हातात घ्यायची. त्या वेळी लावलेलं तेल वाया जात नाही, पण त्याचं खरं काम अर्ध्यावर राहतं.

मला हे सासूबाईंनी शिकवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझे हात-पाय इतके उलले की पातळ नेसताना धागे कातडीत अडकायचे. त्यांनी न्हाणीच्या दारात तेलाची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "आंग ओलं शे तवयच तेल लाई ले वं माय." एवढंच. तेल तेच होतं, मात्र लावायची वेळ बदलली आणि आठ-दहा दिवसांत फरक पडला.

यामागचं कारण आपल्या शेतात बघायला मिळतं. तापीकाठची दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाऊस ओसरल्यावर पेरतात आणि ती काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. वरून पाणी नाही, म्हणून आहे ती ओल उडू द्यायची नसते. शेतकरी कोळपं फिरवतो, वरची माती भुसभुशीत करतो, भेगा बुजवतो. भेग मोकळी राहिली की तिच्यातून खालची ओल वर येऊन उडते आणि भेग आणखी खोल जाते. अंगाचंही तसंच आहे. तेल कातडीला पाणी देत नाही. तेल कोळपणीचं काम करतं, आत असलेली ओल धरून ठेवतं. मग आत ओलच नसताना वरून तेल चोपडलं तर ते धरणार काय?

कातडीचा सगळ्यात वरचा थर वहीच्या पानाहूनही पातळ असतो. मेलेल्या पेशी विटांसारख्या एकावर एक बसलेल्या आणि मधे स्निग्ध पदार्थांचा गारा. हा गारा शाबूत असेल तोवर आतलं पाणी आत राहतं. आपल्याकडे पौषात पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली येतो आणि दुपारी 28 ते 30 पर्यंत चढतो. थंड हवेत बाष्प कमी मावतं, तीच हवा दुपारी तापली की आणखी कोरडी होते आणि जिथून मिळेल तिथून ओल ओढून घेते. कोकणातल्या पाहुण्यांचे गाल आपल्याकडे दोन दिवसांत उलतात ते यामुळेच. शिवाय तळहात आणि तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात आणि नडगीवर त्या फार थोड्या असतात. म्हणून भेगा टाचेला पडतात आणि पांढरी रेघ नडगीवर उमटते.

आंघोळीपासून सुरुवात

हिवाळ्यात अंगाचं जे नुकसान होतं, त्यातलं निम्मं आपण न्हाणीत करतो. कढत पाणी अंगावर घेताना बरं वाटतं, पण चरबटलेलं भांडं गरम पाण्यानं जसं चटकन स्वच्छ होतं, तसाच कातडीतला तो गारा गरम पाण्यानं विरघळून जातो. बादलीत कोपर बुडवून बघा. कोपराला चटका न लागता उबदार वाटलं की पाणी बरोबर आहे. आंघोळ दहा मिनिटांत आटपा. बंबात पऱ्हाट्या, तुराट्या घालून पाणी उकळत राहतं आणि माणूस घेतच राहतो, ती सवय हिवाळ्यापुरती तरी मोडा.

साबणाबद्दल मी आग्रहानं सांगते, कारण आपल्या भागात बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस आणखी साबण घासतो आणि क्षार व साबण मिळून जो पांढरा चिकट साका होतो, तो अंगावरच राहतो. तोच साका बादलीच्या कडेला दिसतो. त्यात साध्या साबणाचा गुण अल्कधर्मी, म्हणजे त्याचा सामू (pH, आम्ल-अल्क मोजायचा आकडा) 9 ते 10 आणि कातडीचा सामू साधारण 5. रोज नखशिखांत साबण लावला की कातडीला स्वतःची आम्लता परत मिळवायला वेळच मिळत नाही. तेव्हा साबण काखेत, जांघेत आणि पायांना. हात, पाठ, पोट, मांड्या यांना तो आठवड्यातून दोनदा पुरे, शेतात मातीत काम असेल तेव्हा अर्थातच जास्त. बाकीच्या दिवशी दोन चमचे मसुराचं पीठ दुधात पातळ कालवून हलक्या हातानं फिरवा. हरभऱ्याचं पीठ चालतं, पण ते जास्त तेल शोषतं, म्हणून त्यात चमचाभर साय हवीच.

जड पाण्यावर एक साधा उपाय आहे. आदल्या रात्री पाणी उकळून ठेवायचं. उकळल्यानं काही क्षार तळाला बसतात. सकाळी वरचं निवळ पाणी काढून कोमट करायचं आणि शेवटचे दोन-तीन तांबे त्याचे घ्यायचे. रोज सगळ्यांसाठी जमणार नाही, पण ज्याला फार खाज आहे त्याच्यासाठी एवढं नक्की करा.

आता तेलाचा क्रम. आंघोळीआधी वीस मिनिटं तिळाचं तेल अंगाला चोळा. हे तेल साबण आणि पाणी यांच्या आड उभं राहतं, कातडीचा गारा वाचवतं. आंघोळ झाल्यावर पंचानं घासायचं नाही, टिपायचं. अंग दमट राहिलं पाहिजे, पाण्याचे थेंब ओघळत नसले तरी हाताला ओल लागली पाहिजे. आणि तीन मिनिटांच्या आत, न्हाणीतच उभं राहून, पुन्हा तेल लावायचं. दोन चहाचे चमचे सगळ्या अंगाला पुरतात. तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळून ते गरम करा आणि नडगी, गुडघा, कोपर, हाताची मागची बाजू या जागांपासून सुरुवात करा. पोट आणि पाठ शेवटी. तळपायाला तेल न्हाणीत लावू नका, बाहेर येऊन बसा आणि मग लावा. आमच्या गल्लीत एक आजी तेलाच्या पायानं फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडून घेतली होती. तेव्हापासून हे सांगितल्याशिवाय मी कोणाला बाटली देत नाही.

कोणतं तेल

माझ्या घरात तिळाचं. दहा किलो तिळातून आमच्या घाण्यावर साधारण चार किलो तेल निघतं आणि ते चार-पाच दिवस स्थिर ठेवून निवळलं की मगच बाटलीत भरतो. तिळाचं तेल आपल्या कितीही थंडीत थिजत नाही, अंगात मुरतं आणि सहजासहजी खवट होत नाही. ताजं तेल ओळखायचं असेल तर तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्या. भाजलेल्या तिळासारखा मंद वास आला तर ठीक. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर ते तेल खवट झालंय, अंगाला लावू नका, खाज वाढेल.

करडईच्या तेलाला मात्र लोक विनाकारण मागे ठेवतात. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि कातडीच्या त्या गाऱ्याला नेमकं तेच लागतं. ते हलकं असतं, चिकटत नाही. ज्यांना तिळाचा वास आवडत नाही किंवा चेहऱ्याला काही साधं हवं आहे, त्यांना मी करडईचंच देते. ते लवकर खवट होतं, म्हणून शंभर-दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त एका वेळी नेऊ नका आणि बाटली अंधारात ठेवा.

खोबरेल चांगलंच, पण 24 अंशांखाली ते थिजतं, म्हणजे आपल्याकडे मार्गशीर्षापासून सकाळी बाटलीतून बाहेरच येत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा. चुलीवर बाटली धरून वितळवू नका, कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करा. शेंगदाण्याचं तेल घरात काहीच नसेल तेव्हा चालतं. ज्यांना शेंगदाणा किंवा तीळ खाऊन पित्त उठतं, त्यांनी ते तेल अंगालाही लावू नये. मोहरीचं तेल तान्ह्या बाळाला चोळायची नवी पद्धत काही घरांत शिरली आहे. ते झोंबतं आणि कोवळ्या कातडीची भिंत कमजोर करतं, नका वापरू. महागाचं ऑलिव्ह तेलही बाळासाठी करडईपेक्षा चांगलं नाही, त्यातलं ओलेइक आम्ल कातडी सैल करतं.

एक तेल मी विकत नाही, पण घरात ठेवते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तिथं आम्ही तेल घेऊन जातो. थंडी तेव्हा ऐन भरात असते. एका वर्षी शेजारी सातपुड्यातून आलेली एक पावरा आदिवासी बाई बसली होती. तिच्या बाटलीत मोहाच्या बियांचं तेल होतं, तुपासारखं घट्ट झालेलं. माझे अंगठे बघून तिनं न बोलता थोडं काढून माझ्या भेगांत भरलं. वास उग्र होता, पण संध्याकाळपर्यंत बोटं दुमडताना दुखणं थांबलं. हे तेल तळहाताच्या उबेनं वितळतं आणि भेगेत गेलं की परत घट्ट होऊन तिथंच बसतं, पातळ तेलासारखं ओघळत नाही. नंदुरबार, शहाद्याकडच्या आठवडे बाजारात मिळालं तर घ्या आणि बाईनं सांगितलेली किंमत द्या. त्या बिया गोळा करून, फोडून, तेल काढायला किती दिवस जातात ते मला माझ्या घाण्यामुळे ठाऊक आहे.

कोणतंही नवं तेल किंवा मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून दोन दिवस थांबा. लाली, पुरळ आलं नाही तर मग वापरा.

टाचा : मेणाचं मलम

टाचेच्या भेगांना नुसतं तेल पुरत नाही. तिथली कातडी जाड असते, तिच्यावर सगळ्या अंगाचं वजन पडतं, आणि आपल्या बायका अनवाणी अंगणात, चपलेत शेतात. काळी माती भेगेत जाऊन बसते आणि कोरडी होताना कडा आणखी ओढते. यासाठी मी दर कार्तिकात मलम करते.

तिळाचं तेल 100 मिलिलिटर, मधमाश्यांचं मेण 20 ग्रॅम. मेण खरं हवं. त्याला मधाचा वास येतो आणि रंग पिवळट असतो. मेणबत्तीचं पांढरं मेण वेगळं, ते घेऊ नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात लहान स्टीलचं भांडं ठेवून तेल आणि किसलेलं मेण घाला. मेण साधारण 63 अंशांना वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याची उब पुष्कळ होते. थेट आचेवर ठेवलं तर तेल जळतं आणि पेट घेण्याची भीती, म्हणून हा खटाटोप. सगळं एकजीव झालं की पातळ सुती फडक्यातून गाळा, मेणात माश्यांचे पंख, काड्या असतात. उतरवल्यावर लाकडी चमच्यानं ढवळत राहा, थंड होईपर्यंत. ढवळणं थांबवलं तर कडेला कडक आणि मधे पातळ असं बसतं. पहिल्या वर्षी मी फोन आला म्हणून उठले आणि सगळं मलम दुसऱ्यांदा वितळवावं लागलं. कोरड्या झाकणाच्या डबीत भरा. त्यात पाण्याचा थेंबही नाही, त्यामुळे तीन-चार महिने टिकतं, बोट मात्र कोरडं घाला.

रात्री झोपायच्या आधी पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, जास्त नको. वजरीनं एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासा. एका दिवसात टाच गुळगुळीत करायची नाही. ब्लेडनं कातडी कापणारे पुष्कळ बघितलेत, त्यानं कातडी चिडून आणखी जाड येते, आणि खोल कापलं तर पू होतो. पाय टिपा, दमट असतानाच मलम भेगांत भरा, सुती मोजे घाला आणि झोपा. सात रात्री सलग केलं की कडा मऊ पडतात. पंधरा दिवसांत बारीक भेगा मिटतात. रक्त येणाऱ्या खोल भेगेवर वजरी फिरवायची नाही. साखरेचा आजार असलेल्यांनी वजरी, ब्लेड, गरम पाणी काहीच स्वतःच्या मनानं करू नये, पायाला संवेदना कमी असते आणि भाजलेलं कळत नाही. त्यांनी फक्त मलम लावावं, रोज उजेडात तळवे बघावेत आणि भेग लाल किंवा ओली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

कोणाला मेण मिळालं नाही आणि घरात व्हॅसलीन आहे, तर ते लावा. ते झाडापानाचं नाही, खनिज तेलापासून होतं, पण ओल धरून ठेवण्यात त्याच्याइतकं पक्कं फारसं काही नाही. नैसर्गिक नाही म्हणून टाच तशीच उघडी ठेवण्यात शहाणपणा नाही.

कापूस वेचणाऱ्या हातांसाठी

हा भाग मी मुद्दाम वेगळा लिहिते, कारण पुस्तकी सल्ल्यात तो कधी येत नाही. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या कडा सुईसारख्या होतात. वेचणी करताना प्रत्येक बोंडाला बोटांची टोकं लागतात, दिवसाला हजारो वेळा. शिवाय कापूसच बोटांची ओल टिपून घेतो. फरदडीच्या, म्हणजे उशिराच्या कापसाच्या वेळी, डिसेंबर-जानेवारीत, बायकांच्या अंगठ्याला आणि तर्जनीला नखाजवळ चिरा पडतात. त्यांत मिठाचं पाणी, मिरची, भांड्यांची पावडर जाते आणि रात्री ठणका लागतो.

सकाळी निघताना हात ओले करून मेणाचं मलम वाटाण्याएवढं बोटांच्या टोकांना चोळा आणि पाच मिनिटांनी पुसा, म्हणजे कापसाला डाग लागत नाही. जुन्या सुती मोज्याची बोटं कापून अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना टोप्या शिवा, मनगटाला नाडीनं बांधा. पहिल्या दिवशी हात मंद चालतो, तिसऱ्या दिवशी सवय होते. आमच्याकडे येणाऱ्या एका मजूर बाईनं माझ्यासमोर बसून अशा टोप्या शिवल्या आणि पुढच्या आठवड्यात तिच्या टोळीतल्या सगळ्या जणींच्या बोटांवर त्या दिसल्या. संध्याकाळी आल्यावर हात कोमट पाण्यानं धुवा, कपडे धुवायचा साबण हातांना लावू नका. भांडी घासल्यावर प्रत्येक वेळी हात टिपून दोन थेंब तेल. त्यासाठी मोरीजवळच एक छोटी बाटली ठेवा, आतल्या कपाटातली बाटली कोणी उठून आणत नाही.

संध्याकाळच्या शेकोटीचंही सांगते. आगीच्या अगदी जवळ पाय पसरून रोज बसलं की नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. दोन हात लांब बसा, पायांवर गोधडी घ्या.

शंभरदा धुतलेलं तूप

चेहऱ्याला, लहान मुलांच्या उललेल्या गालांना मला यासारखं दुसरं काही सापडलेलं नाही. आयुर्वेदात याला शतधौत घृत म्हणतात. साहित्य फक्त दोन, गाईचं साजूक तूप आणि पाणी. वेळ मात्र दीड-दोन तास लागतो. दुपारी दोघींनी मिळून बसावं, एकीचा हात दुखला की दुसरीनं घ्यावं.

तांब्याची परात चिंच-मिठानं लख्ख घासून धुवा, हिरवट डाग राहता कामा नये. त्यात 50 ग्रॅम तूप घ्या. अर्धी वाटी उकळून थंड केलेलं पाणी घाला आणि स्वच्छ तांब्याच्या बुडानं किंवा तळहातानं एकाच दिशेनं फिरवत घोटा. मिनिटभरात पाणी वेगळं सुटतं, ते ओतून टाका. पुन्हा पाणी, पुन्हा घोटणं. असं शंभर वेळा. मोजणी चुकू नये म्हणून मी दादरीचे शंभर दाणे एका वाटीत घेते आणि प्रत्येक धुण्याला एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकते. वीसपर्यंत काही झालंय असं वाटत नाही. चाळिसाच्या आसपास तुपाचा पिवळेपणा कमी होतो, साठ-सत्तरला तुपाचा वास जवळजवळ जातो, आणि शेवटी लोण्यासारखं पांढरंशुभ्र, हलकं, बोटाला गार लागणारं मलम हातात येतं. तूप आणि पाणी इतकं बारीक मिसळलेलं असतं की ओल आणि स्निग्धता दोन्ही एकदम कातडीला मिळते.

शेवटचं पाणी पूर्ण निथळू द्या, काचेच्या कोरड्या बरणीत भरा. यात पाणी आहे, म्हणून आठवड्यात संपवा. जमेल तर फ्रिजमध्ये ठेवा. आंबूस वास आला की फेका. रात्री चेहरा धुऊन, दमट असताना, हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरे. ज्यांना मुरुमं येतात त्यांनी गालापुरतं लावावं, कपाळ आणि नाक सोडून.

चेहरा आणि ओठ, थोडक्यात

ग्लिसरीन चांगलं आहे, ते ओल ओढून आणतं. पण नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीतूनच ओल ओढतं. एक भाग ग्लिसरीन, तीन भाग गुलाबपाणी, आणि ओल्या चेहऱ्यावर. वरून करडईच्या तेलाचे दोन थेंब.

लिंबू घालू नका. हे मी स्वतःच्या चुकीतून सांगते. मोठी मुलगी आठवीत होती, तिचे गाल उलले होते. शेजारणीकडे ऐकून मी ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळलं आणि लावून तिला शाळेत पाठवलं. कवायतीला ती दोन तास उन्हात उभी होती. घरी आली तेव्हा गाल लाल, आग आग होत होती, आणि नंतर जे काळे डाग पडले ते जायला उन्हाळा उलटला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिंबाच्या रसावर ऊन पडलं की असं होतं. त्या पोरीनं चार महिने ओढणीनं तोंड झाकलं. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

मुलतानी माती उन्हाळ्यासाठी ठेवा, ती तेल शोषून घेते. कोरफड लावायची असेल तर पान कापून दहा मिनिटं उभं ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, त्यानं खाज येते. मग गर धुऊन लावा आणि वरून तेल लावा. नुसता गर वाळला की कातडी ताणते. रावेर-यावलच्या पाहुण्या केळ्याचा लेप सुचवतात. पिकलेलं केळं चेहऱ्याला लावून नुकसान नाही, पंधरा मिनिटं मऊ वाटतं. मी म्हणते केळं मुलाला खायला द्या आणि चेहऱ्याला साय लावा.

ओठ चाटायचे नाहीत, थुंकी वाळताना आणखी ओल घेऊन जाते. मुलांना ही सवय असते आणि ओठांभोवती लाल कडं तयार होतं. रात्री साजूक तूप, दिवसा मेणाचं मलम. बेंबीत तूप घातलं की ओठ बरे होतात असं आपल्याकडे सांगतात. बेंबीतून ओठाकडे जाणारी वाट शरीरात नाही, ते तूप सरळ ओठांनाच लावा.

म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं

सत्तरीनंतर कातडीतलं तेल आपसूक कमी होतं. सासरे रात्री पाठ खाजवून खाजवून रक्त काढायचे. रोजची आंघोळ दिवसाआड केली, बाकी दिवशी ओल्या पंचानं अंग पुसलं, लगेच तेल लावलं आणि लोकरीच्या स्वेटरच्या आत सुती बंडी घातली. लोकर थेट अंगाला लागली की टोचते आणि खाज वाढते. आठवड्यात त्यांना झोप लागायला लागली.

बाळाला मालिश दुपारी, ऊन आलेल्या खोलीत. हात गरम, तेल कोमट. पावडर नको, ती ओल टिपते आणि श्वासातही जाते.

खाण्याबद्दल फार सांगत नाही. बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, तिळाची चटणी, भाकरीवर लोणी, हे आपल्या घरात हिवाळ्यात असतंच. पाणी तहानेइतकं प्या. तांब्यामागून तांबे पाणी पिऊन नडगीची रेघ जात नाही.

घरच्या उपायांवर थांबू नये, अशा गोष्टी

घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आहे, तर ती खरूज. तिला डॉक्टरांचं औषध लागतं आणि ते सगळ्या घरानं एकाच दिवशी लावायचं असतं. गोल, कडेला लाल आणि मधे बरं होत चाललेलं चकदळ म्हणजे नायटा, त्यावर तेल चोळून तो पसरतो. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या खाजेच्या ट्यूबा आणून लावू नका, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि आजार दबून वाढतो. आणि पंधरा दिवस नेमानं सगळं करूनही कोरडेपणा हटत नसेल, सोबत थकवा, केस गळणं, वजन वाढणं असेल, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या.

होळी झाली की हवा बदलते. मग आंघोळीआधीचं तेल बंद करा, आंघोळीनंतरचं निम्म्यावर आणा, नाहीतर घामानं पुरळ उठेल. मेणाचं मलम उरलं तर वितळवून थोडं आणखी तेल घाला, ते उन्हाळ्यात ओठांना चालतं. तेलाच्या बाटलीचा तळ खवट झाला असेल तर तो दाराच्या बिजागऱ्यांना घाला, बाटली गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा, आणि कार्तिकात परत घाण्यावर घेऊन या.